पुलावर काटा चढतो

गाडी तापायला लागली ती उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि तीही फक्त पुलावर. मोकळ्या रस्त्यावर कुठं तापली असती तर एवढा बोभाटा झालाच नसता. पण गावापासून शहरापर्यंतचा तासाभराचा रस्ता ती शहाण्या पोरीसारखी यायची. त्याच सुमाराला शहराच्या तोंडाशी नदीवरचा पूल दुरुस्तीला काढला होता. अर्धा रस्ता खणलेला, उरलेल्या अर्ध्यातून दोन्हीकडच्या गाड्या मुंगीच्या पावलानं सरकायच्या. तिथं आलं की इंजिनच्या उष्णतेचा काटा चढायचा. आधी मधोमध, मग मधल्याच्या वर, मग तांबड्या पट्ट्यात. मग नाकात तो गोडसर करपट वास यायचा आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघायची.

पहिल्यांदा झालं तेव्हा मागच्या सीटवर बाई होत्या. बाई म्हणजे आमच्या गावच्या शाळेतल्या जुन्या मास्तरीणबाई. मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा शहरातल्या दवाखान्यात रक्त धुवून घ्यायला जायच्या आणि त्यांना न्यायचं-आणायचं काम माझ्याकडं होतं. तिथं मशीनची वेळ ठरलेली असते. उशीर झाला की तेवढा वेळ कापला जातो, कारण पुढचा माणूस दारात बसलेला असतो. अंगात पाणी साठून बाईंचे पाय इतके सुजायचे की चपलेचा पट्टा आत रुतायचा. मी गाडी कडेला घेतली, म्हणजे कडेला जागा नव्हतीच, होती तिथंच बंद केली. मागच्या सगळ्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

मदतीला माणसं धावली. चालवणारी बाई असली की फार धावतात. एक म्हणाला, अर्ध्या क्लचवर चालवलं की असंच होणार. दुसरा लांबूनच म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. तिसरा सरळ रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला. त्याचं मनगट मीच धरलं, नाहीतर तोंडाची कातडी सोलून निघाली असती. तर तो म्हणाला, बायकांना मदत करायचीसुद्धा सोय राहिली नाही. इंजिन निवायला चाळीस मिनिटं गेली. बाईंना चार तासांऐवजी तीनच तास मशीन मिळालं.

आता घरचं सांगते. आप्पा म्हणजे माझे सासरे. रस्त्याला लागून पत्र्याची शेड, तिथं त्यांनी पस्तीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून, हिचा बेअरिंग आठवड्याभरात जाणार, असं सांगायचे, आणि जायचा. नवरा त्यांच्याच हाताखाली तयार झाला. दोन वर्षांपूर्वी गिअरबॉक्स उचलताना त्याच्या कमरेत चमक भरली ती गेलीच नाही. तेव्हापासून तो खिडकीखालच्या फळीवर उताणा. प्रवासी गाडी तो चालवायचा, ती दारात गंजत उभी राहिली. तेव्हा आप्पाच म्हणाले, सून चालवेल. गाव हसलं. आप्पांनी मला पड रानात नेऊन पहाटे पहाटे शिकवलं. बघायला माणसं जमली की ते आधी त्यांना हाकलून लावायचे, मग मला माझी चूक सांगायचे. एकदाही आवाज चढवला नाही. हे मुद्दाम सांगते, नाहीतर पुढचं ऐकून कुणी त्यांना वाईट म्हणेल. जीभ तिखट आहे ती माझी.

गाडी तापते म्हटल्यावर आप्पांनी ती शेडमध्ये घेतली. पाणी बघितलं. पट्टा दाबून बघितला. तेलाची कांडी काढून दोन बोटांत तेल चोळलं. तेलात पाणी नव्हतं, म्हणजे इंजिनचं हेड शाबूत होतं. मग किल्ली फिरवली, कान वाकडा करून पंख्याचा आवाज ऐकला. पंखा झकास फिरतोय म्हणाले. फिरतच होता. तो किल्ली फिरवल्याबरोबर फिरायचा, कारण हिवाळ्यात त्याचं आपोआप चालू होणारं बटण बिघडलं तेव्हा आप्पांनी ते मधून काढून टाकून पंखा थेट किल्लीला जोडला होता. आमच्याकडं त्याला डायरेक्ट करणं म्हणतात. आमच्या भागात दहातल्या आठ गाड्यांचे पंखे डायरेक्ट आहेत, आणि त्यातले निम्मे आप्पांनी केलेले.

मग आप्पा गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर लांबपर्यंत जाऊन आले. काटा जागचा हलला नव्हता. बॉनेटवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं की पुलावर क्लचवर पाय ठेवून राहतेस का. मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली. तसली मान मी ओळखते. पोर खोटं बोलत नाही पण तिला कळतही नाही, अशी ती मान होती.

त्यानंतरचे चार आठवडे कसे गेले ते माझं मला ठाऊक. एक दिवसाआड मी पुलावर जायची आणि घामानं भिजून निघायची. काटा चढायला लागला की मी आतला हिटर पूर्ण उघडायची, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता आत येते. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत आम्ही दोघी त्या गरम झोतात बसलेल्या, बाई ओला रुमाल तोंडावर धरून. चार पाण्याचे कॅन पायाशी. समोरची गाडी हलली की चालू करायची, दोन हात सरकायचं, बंद करायची. आप्पांनी रेडिएटर उतरवून नळीनळीतून सळई घातली. झाकण बदललं. पाण्याचा व्हॉल्व्ह बदलला, पाण्याचा पंप उघडून बघितला. उन्हात पत्र्याखाली त्यांचा सदरा पाठीला चिकटायचा. मी पाना द्यायची. एकदा बारा नंबर मागितला, मी दिला, त्यांनी तो अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाले, बरोबर आहे. पान्यावर आकडा ढळढळीत लिहिलेला होता. माझ्या डोक्यात तेव्हा काही आलं नाही. मी माझ्याच रडगाण्यात होते.

त्यांनी सगळं उघडलं, फक्त स्वतः केलेला जोड उघडला नाही. कुठलाच मेस्त्री उघडत नाही. दुसऱ्यानं केलेलं काम तो आधी तपासतो, आपल्या हातचं सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकदा ते शेवट येतच नाही.

पाचव्या आठवड्यात बाईंना पुलावरच धाप लागली. पुढच्या गाडीतल्या माणसानं त्यांना आपल्या गाडीत घेऊन दवाखान्यात पोचवलं. संध्याकाळी आप्पा माझ्याशी न बोलता नवऱ्याच्या फळीजवळ जाऊन बसले. मी चुलीपाशी होते, सगळं ऐकू येत होतं. सोमवारपासून लंबू येईल गाडीवर, म्हणाले. लंबू म्हणजे पलीकडच्या वाडीतला ड्रायव्हर, ताडासारखा उंच. गाडीत सगळं बदलून झालं, आता चालवणाराच बदलायचा राहिला, असं आप्पा म्हणाले. नवरा छताकडं बघत हूं म्हणाला.

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. कुणाला वाटेल, त्यात एवढं काय, उलट उन्हातान्हातून सुटली. पण त्या गाडीत बसलं की मला माणूस असल्यासारखं वाटायचं. घरात मी आजारी माणसाची बायको होते, कुणाची तरी सून होते. स्टिअरिंगमागं मी फक्त मी असायची, आणि रस्ता मला कळत होता. गाडी मला कळत होती. मी ती तापवत नव्हते हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते सिद्ध करायला माझ्याकडं काही नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी. त्या रात्री पहिल्यांदा मलाच वाटलं, खरंच माझा पाय क्लचवर राहत असेल का.

शनिवारची माझी शेवटची फेरी. पुलावर काटा तांबड्याला टेकायच्या आत मी इंजिन बंद केलं आणि उतरले, पण किल्ली फिरवलेलीच ठेवली, म्हणजे पंखा चालू राहील. वैतागून गाडीपुढं जाऊन उभी राहिले. तर माझ्या पायांना भाजलं. जाळीतून गरम वाऱ्याचा झोत सरळ माझ्या नडग्यांवर येत होता. आधी वाटलं, ऊन आहे. मग वाटलं, उन्हाला काही झोत नसतो.

माझ्या मागच्या गाडीचं इंजिन चालू होतं. मी तिच्या तोंडापाशी गेले. तिथं वारा नव्हता, उलट रस्त्यावरचं एक वाळकं पान तिच्या जाळीला चिकटून बसलं होतं. मी परत आले, बाईंच्या फायलीतला एक कागद मागून घेतला आणि आमच्या जाळीला लावला. हात सोडला तसा तो उडून रस्त्यावर पडला. तोच कागद मागच्या गाडीला लावला. तो चिकटला.

तो ड्रायव्हर आतून बघत होता. त्यानं खाली उतरून आमच्या जाळीपुढं हात धरला आणि म्हणाला, "पंखा उलटा फिरतोय. बाहेरची हवा आत ओढायची सोडून आतली आग बाहेर टाकतोय. तारा उलट जोडल्या कुणी?"

मोकळ्या रस्त्यावर गाडीच्या वेगानंच हवा आत घुसते, पंख्याला विचारतो कोण. उभ्या गाडीत मात्र सगळी भिस्त पंख्यावर. हे त्यानं सांगायच्या आतच मला कळलं होतं. आणि कुणी जोडल्या तेही. कंपनीची जी जोडणी असते ती उलटी बसतच नाही, तिची खाच एकाच बाजूनं बसते. डायरेक्ट करायचं म्हणजे ती कापायची, आणि मग तांबडी कुठली, काळी कुठली, ते माणसाच्या डोळ्यावर.

बाईंना दवाखान्यात पोचवून मी बाकावर बसून राहिले. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण ठरवलं की घरात सांगायचं. आत, दार लोटून, हळूच. आप्पांनी मला तसंच शिकवलं होतं. परतीच्या वाटेवर मी वाक्यसुद्धा जुळवलं. आप्पा, जरा त्या पंख्याचा जोड बघता का.

शेडपाशी पोचले तर लंबू आधीच आला होता. गावातला एक पिकअपवालाही होता, त्याच्या गाडीचे ब्रेक उद्या उघडायचे होते. आणखी दोघं चहा पीत बसलेले. मी उतरते न उतरते तोवर लंबूनं दार उघडलं, सीटवरची माझी घडी घातलेली गोधडी, जिच्यावर बसल्याशिवाय मला पुढचं दिसत नाही, ती काढून मागं फेकली आणि सीट धाडकन मागं सरकवली. आप्पा पिकअपवाल्याला सांगत होते, अगदी मायेनं सांगत होते, की पोरीनं हौसेनं चालवली पण गर्दीत बायकांना गाडी झेपत नाही, इंजिन तापतं. सगळ्यांनी माना हलवल्या.

तिथं माझं डोकं फिरलं. मी लंबूला म्हणाले, उतर. किल्ली फिरवली. पंखा सुरू झाला. बाईंचा कागद अजून माझ्याकडंच होता. मी आप्पांचा हात धरून त्यांना गाडीपुढं आणलं आणि सगळ्यांच्या देखत कागद जाळीला लावून सोडला. तो उडाला. परत लावला. परत उडाला. तिसऱ्यांदा तो पिकअपवाल्याच्या पायावर जाऊन पडला.

मी म्हणाले, "बघा सगळ्यांनी. गाडी मी तापवत नव्हते. पंखा उलटा जोडलाय, आणि तो मी जोडलेला नाही."

आप्पांनी जाळीपुढं हात धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, असं कसं होईल, तांबडी मी तांबडीलाच जोडलीय. पिकअपवाल्यानं बॉनेट वर केलं, वाकून बघितलं. चिकटपट्टीच्या या बाजूला तांबडी तार, त्या बाजूला काळी. लहान मुलालाही दिसेल इतकं स्वच्छ. तो आप्पांकडं बघत राहिला. आप्पा तारांकडं बघत होते, पण तारांच्या थोडं बाजूला.

मग पिकअपवाला पेला खाली ठेवून म्हणाला, अगदी हळू आवाजात, "आप्पा, आमच्या ब्रेकचं उद्या राहू द्या. बघू सवडीनं."

तो गेला. त्याच्या मागं बाकीचे गेले. लंबू काहीतरी काम आठवल्यासारखं करून निघून गेला. आप्पांनी पक्कड घेतली, चिकटपट्टी सोडवली, जोड उलगडला. तारांची चार टोकं मोकळी झाली. दोन त्यांनी हातात धरली, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "यातली तांबडी कुठली?"

मी बोट ठेवलं. बोट ठेवलेलं त्यांना दिसलं की नाही कोण जाणे, म्हणून तोंडानं सांगितलं, डाव्या हातातली. त्यांनी पीळ दिला. बोटं काय सुरेख चालत होती, एक तार बाहेर डोकावली नाही. पट्टी गुंडाळली. मी किल्ली फिरवली. त्यांनी स्वतः कागद जाळीला लावून सोडला आणि तळव्यानं चाचपून बघितलं. चिकटला होता. झालं, म्हणाले, आणि नळावर हात धुवायला गेले.

ते घरात आले नाहीत, शेडच्या मागं बसून राहिले. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तरी म्हणेल, तुझं खरं होतं. तो छताकडंच बघत होता.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "वर्ष झालं. आप्पांना रंग दिसत नाहीत. पाने बोटांनी चाचपून घेतात. आवाजावर आणि हातावर चालवलंय सगळं."

"मग मला का नाही सांगितलं? महिनाभर मी शिव्या खाल्ल्या. बाईंचा जीव जाता जाता राहिला."

"तू बोलून दाखवलं असतंस."

बोलून दाखवलंच होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मी ती भर दुपारी चार माणसांत उघडली. आणि तरी मनात असंही येतं, की उद्या त्याच डोळ्यांनी त्यांनी ब्रेक उघडले असते, आणि पिकअपमध्ये माणसं बसतात. न सांगून चाललं नसतं. पण आत नेऊन सांगता आलं असतं. एवढंच. दार लोटून सांगता आलं असतं, आणि मी ते ठरवलंही होतं.

गोष्ट गावात पसरायला एक दिवस लागला. त्या आठवड्यात शेडला एक स्कूटर आली, तीही फक्त हवा भरायला. दुरुस्तीला उभी असलेली जीप मालक दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत घेऊन गेला, आप्पांना तोंडावर काही बोलला नाही. आप्पा सकाळी उठून शेड उघडायचे, पाने पुसून फळीवर ओळीनं मांडायचे आणि संध्याकाळी परत पेटीत भरायचे. माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर मी पाय तरी धरले असते. त्यांनी फक्त माझ्याशी चूक-बरोबर बोलणं सोडलं. गाडी माझ्याकडंच राहिली. लंबूचं नाव कुणी काढलं नाही.

आप्पांना डोळ्यांच्या दवाखान्यात मीच घेऊन गेले. पहिल्या भेटीतच डॉक्टर म्हणाले, डोळ्याची शीर सुकत चाललीय, गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं टिकवू. दर पंधरा दिवसांनी या. बाईंच्याच फेरीत आप्पा पुढच्या सीटवर बसून यायला लागले.

परवा पुलावर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. अर्धा तास जागच्या जागी. इंजिन चालू, पंखा घरघरत होता, काटा मधोमध. बाई मागून म्हणाल्या, बरं झालं बाई, आता तापत नाही, काय झालं होतं तरी? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी काचेतून बाहेर बघत राहिले, काहीतरी थाप मारायच्या विचारात होते.

आप्पाच बोलले. "चूक माझी होती," म्हणाले. "तार मी उलटी जोडली, आणि नाव हिचं घेत राहिलो. हिनं शोधून काढली."

हे ऐकायला मी पाच आठवडे जीव टाकला होता. आणि आता ते ऐकवेना. मला वाटलं, गाडी आत्ता उकळावी, वाफ यावी, माणसांनी मला वाट्टेल ते बोलावं.

पुढच्या ट्रकचे मागचे तांबडे दिवे पेटलेले होते, मग ते विझले. मागून हॉर्न वाजला. आप्पांनी मान पुढं केली, डोळे बारीक केले.

"पुढचा हलला का गं?" त्यांनी विचारलं.

"हलला, आप्पा," मी म्हणाले, आणि पहिला गिअर टाकला.